एमजीबीसाठी कॅम कोणता? मूळचा, पायपर बीपी२७० की बीपी२८५

इंजिनाचे व्हॉल्व्ह कधी आणि किती उघडायचे हे कॅम (लोब नावाचे उंचवटे असलेला दांडा) ठरवतो. रस्त्यावर चालवायची, जुळ्या एसयू कार्ब्युरेटरवरची १८०० सीसी एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) असेल तर पायपर कंपनीचा बीपी२७० घ्या. बीपी२८५ हवाच असेल तर कॉम्प्रेशन (इंजिन मिश्रण किती पट दाबतं ते), हेड (सिलिंडरवरचा व्हॉल्व्ह असलेला भाग) आणि कार्ब्युरेटर या तिन्हींवर खर्च करायची तयारी ठेवा. यातलं काहीच करायचं नसेल, नुसता कॅम बदलून गाडी पळवायची असेल, तर मूळचाच राहू द्या, कारण तो वाटतो त्यापेक्षा बराच चांगला आहे. हा निकाल कशावरून दिला, ते आता सविस्तर.

आधी मूळचा कॅम. ॲबिंग्डनच्या कारखान्यातून १९६२ पासून बाहेर पडलेल्या एमजीबीची कारखान्याने दिलेली आकडेवारी ५४०० आरपीएमला ९५ हॉर्सपॉवर अशी होती आणि सर्वाधिक टॉर्क ३००० आरपीएमच्या आसपास मिळायचा. तिचं टायमिंग असं: इनलेट व्हॉल्व्ह टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यांत वर असतो ती जागा) १६ अंश आधी उघडतो आणि बीडीसीनंतर (पिस्टन सगळ्यांत खाली) ५६ अंशांनी मिटतो, एक्झॉस्ट बीडीसीच्या ५१ अंश आधी उघडतो आणि टीडीसीनंतर २१ अंशांनी मिटतो. म्हणजे दोन्हीकडे २५२ अंशांची ड्युरेशन (व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ), ३७ अंशांचा ओव्हरलॅप (दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे) आणि सुमारे सव्वानऊ मिलिमीटर व्हॉल्व्ह लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उघडतो). रोजच्या वापरासाठी ही मांडणी फार समंजस आहे. आयडलिंग शांत राहतं आणि चौथ्या गिअरमध्येही गाडी खालून उचलते. बऱ्याच गाड्यांमधला 'मेलेला' इंजिनाचा दम कॅममुळे गेलेला नसतो. ढिली टायमिंग चेन, कार्ब्युरेटरचे झिजलेले थ्रॉटल स्पिंडल, नीट न चालणारा डिस्ट्रिब्युटरचा ॲडव्हान्स, ही खरी कारणं असतात. ती दुरुस्त केल्याशिवाय नवा कॅम टाकू नये.

एमजीबीतल्या बी-सिरीज इंजिनाची एक जन्मजात अडचण कॅम निवडताना सतत आडवी येते. हेडला इनलेटची दोनच पोर्ट आहेत. १ आणि २ नंबरच्या सिलिंडरला मिळून एक, ३ आणि ४ ला मिळून दुसरं. फायरिंग ऑर्डर १-३-४-२ असल्यामुळे २ नंबरचं सिलिंडर ओढायला लागल्यावर १८० अंशांनीच त्याच पोर्टमधून १ नंबर ओढायला लागतं. तेच ३ आणि ४ चं. २५२ अंशांच्या मूळ कॅमवर ही दोन्ही इनलेट ७२ अंश एकाच वेळी उघडी असतात. २७० अंशांच्या कॅमवर हा आकडा ९० होतो आणि २८५ वर १०५. कमी आरपीएमला आधीच्या सिलिंडरचा पिस्टन वर येऊ लागलेला असतो, तो मिश्रण मागे पोर्टमध्ये ढकलतो आणि शेजारचं सिलिंडर ते पळवतं. त्यामुळे आतल्या आणि बाहेरच्या सिलिंडरांना सारखं मिश्रण मिळत नाही. चारही प्लग काढून शेजारी ठेवले तर २ आणि ३ चा रंग एक, १ आणि ४ चा वेगळा दिसतो. कार्ब्युरेटर कितीही जुळवले तरी हा फरक पुरता जात नाही. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र पोर्ट असलेल्या इंजिनात जी ड्युरेशन सौम्य वाटते, ती इथे अंगावर येते. दुसऱ्या गाडीच्या अनुभवावरून बी-सिरीजचा कॅम ठरवू नये तो यासाठी.

आता पायपरचे कॅम. ही इंग्लंडमधली जुनी कंपनी आहे आणि एमजीबीसाठी तिचे बीपी२५५, बीपी२७० आणि बीपी२८५ हे तीन कॅम सगळ्यांत जास्त विचारले जातात. नावातला आकडा ड्युरेशनचा अंदाज देतो. बीपी२५५ बद्दल थोडक्यात सांगता येईल. मूळचा कॅम झिजला असेल, इंजिन उघडलेलंच असेल आणि गाडीचा स्वभाव बदलायचा नसेल, तर तो घ्यावा. चांगला मूळ कॅम काढून हा टाकण्यात अर्थ नाही.

बीपी२७० आणि बीपी२८५ मधला खरा फरक इनलेट कधी मिटतो यात आहे. सममित लोब धरून इनलेटचा लोब सेंटर (व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असतो तो कोन) टीडीसीनंतर १०८ अंशांवर ठेवला, तर २७० अंशांचा कॅम बीडीसीनंतर ६३ अंशांनी मिटतो आणि २८५ चा साडेसत्तर अंशांनी. मिटेपर्यंत पिस्टन वर येतच असतो, म्हणजे तेवढा स्ट्रोक दाबण्याच्या कामी येत नाही. एमजीबीचा स्ट्रोक ८८.९ मिमी आणि कनेक्टिंग रॉड साडेसहा इंची. या मापांनी भूमितीचा हिशोब केला तर मूळ कॅमवर दाबायला ७३.५ मिमी स्ट्रोक उरतो, २७० वर ६९.५ आणि २८५ वर ६४.७. कागदावरचं ८.८ कॉम्प्रेशन प्रत्यक्षात अनुक्रमे ७.४५, ७.१ आणि ६.७ इतकंच उरतं. २८५ टाकल्यावर 'गाडी खालून मेली' अशी तक्रार येते तिचं मूळ इथे आहे. पेट्रोल वाढवून किंवा इग्निशन पुढे करून ती जात नाही.

उपाय कॉम्प्रेशन वाढवण्याचा. २७० वर मूळची ७.४५ परत मिळवायला स्थिर म्हणजे कागदावरचं कॉम्प्रेशन ९.२५ च्या आसपास लागतं, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमागे मोकळी जागा सुमारे ३.२ सीसीने कमी करायची. हेड थोडं घासून हे सहज जमतं. २८५ साठी तोच आकडा ९.८५ वर जातो आणि सात सीसीच्या आसपास जागा कमी करावी लागते. तेवढं घासलं की पुशरॉडची (कॅमची हालचाल वर नेणारी काडी) लांबी आणि रॉकरचा (व्हॉल्व्ह दाबणारा आडवा तुकडा) कोन बिघडतो, रॉकर पोस्टखाली शिम घालावे लागतात, आणि पिस्टन बदलायचे का हा प्रश्न उभा राहतो. शिवाय ही आकडेमोड कॅटलॉगमधल्या ड्युरेशनवर आहे. लोबच्या सुरुवातीचा आणि शेवटचा हळू चढउतार तीत धरलेला असतो, त्यामुळे तुलना करण्यापुरतीच ती वापरा.

गिअरिंगकडेही बघा. ३.९ च्या मागच्या ॲक्सलवर एमजीबी चौथ्या गिअरमध्ये १००० आरपीएमला साधारण २९ किमी वेगाने जाते. ताशी १०० किमीला सुमारे ३४५० आरपीएम, ओव्हरड्राइव्ह लावला की २८००. बीपी२८५ तीन हजारांच्या वर जागा होतो. म्हणजे ओव्हरड्राइव्हमध्ये निवांत चालवताना इंजिन नेमकं त्याच्या झोपेच्या भागात राहणार. बीपी२७० तिथे व्यवस्थित ओढतो आणि साडेपाच हजारांनंतर मूळचा कॅम जिथे दम सोडतो तिथे हा पुढे जातो. आयडलिंगला २७० साठी ८५० ते ९०० आरपीएम ठेवावे लागतात, २८५ ला हजाराच्या वर. ब्रेकला सर्वो (इंजिनाच्या व्हॅक्यूमवर ब्रेक हलका करणारं साधन) असेल तर २८५ वर आयडलिंगचा व्हॅक्यूम अपुरा पडू शकतो. मुंबई-पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये, रेडिएटरचा पंखा सतत चालू असताना, हा त्रास विशेष जाणवेल.

कार्ब्युरेटरचा मेळ. एसयूची रचना हवेच्या ओढीवर पिस्टन उचलण्याची आहे, म्हणून ती थोड्याफार बदलाला सांभाळून घेते, पण सुई बदलावी लागतेच. १.५ इंची एचएस४ च्या सुरुवातीच्या गाड्यांत मूळ सुई एमबी आणि त्याहून रिच (जास्त पेट्रोल देणारी) ६ नंबरची. बीपी२७० बरोबर ६ पासून सुरुवात करून प्लगचा रंग बघत पुढे जावं. जेट ०.०९० इंचाचंच राहू द्यावं. नंतरच्या गाड्यांत स्प्रिंगने एका बाजूला टेकलेल्या सुया आल्या. त्या जुन्या पक्क्या बसणाऱ्या सुयांशी अदलाबदल होत नाहीत, ऑर्डर देताना कार्ब्युरेटरवरचा टॅग क्रमांक बघा. लांब ड्युरेशनच्या कॅमवर कमी आरपीएमला पोर्टमधून उलटे झटके येतात आणि एसयूचा पिस्टन थरथरतो. डॅम्परमध्ये २० ग्रेडचं तेल योग्य पातळीला असेल तर २७० वर ही थरथर काबूत राहते. २८५ वर अनेक जण शेवटी ४५ डीसीओई वेबर या मोठ्या कार्ब्युरेटरकडे वळतात, म्हणजे कॅमच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च वाढतो. १९७५ च्या मॉडेलपासून अमेरिकेसाठी गेलेल्या, एकाच झेनिथ-स्ट्रॉम्बर्ग कार्ब्युरेटरच्या गाडीत यातला कोणताही कॅम वाया जातो. तिला आधी जुळे एसयू आणि चांगला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड द्या.

भारतात ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलवर चालवणाऱ्यांनी सुईचा हिशोब वेगळा करावा. त्याच हवेला इंधन सुमारे ७ टक्के जास्त लागतं. साध्या पेट्रोलवर नेमकी बसणारी सुई ई२० वर लीन (पेट्रोल कमी) चालते, आणि मोठ्या कॅमच्या आयडलिंगचा डळमळीतपणा त्याने आणखी वाढतो. रबरी नळ्या आणि फ्लोट चेंबरचे वॉशर इथेनॉल सहन करणारे असावेत.

खरेदी करताना विक्रेत्याला एक प्रश्न विचाराच: कॅम कोऱ्या कास्टिंगवर घासलेला आहे, की जुनाच पुन्हा घासलेला? पुन्हा घासलेल्या कॅमचं बेस सर्कल (लोबचा उंचवटा नसलेला गोल भाग) लहान होतं, रॉकरचे ॲडजस्टर जास्त खाली येतात आणि पुशरॉड कोनात बसत नाही. टॅपेट (लोब आणि पुशरॉड यांच्या मधले छोटे दंडगोल) नवे हवेतच. जुन्या टॅपेटवर नवा कॅम म्हणजे दोन्हींचा नाश. इथे एक फसगत होते: नंतरच्या १८व्ही मालिकेच्या इंजिनांत टॅपेट आखूड आणि पुशरॉड लांब झाले, आधीच्या इंजिनांत उलट. दोन्हींचा एकच संच घ्या, मिसळू नका. टॅपेटचा तोंडाचा भाग किंचित फुगीर असतो आणि लोब किंचित उतरता घासलेला असतो, म्हणून टॅपेट चालताना गोल फिरतो. सपाट किंवा मऊ टॅपेट फिरत नाही, एकाच जागी घासून लोब खाऊन टाकतो. बाजारात मऊ टॅपेट येतात, तेव्हा स्वस्त संचाचा मोह टाळा. टॅपेटच्या तोंडावर सपाट पट्टी उजेडासमोर धरली की फुगीरपणा डोळ्यांना दिसतो.

बसवण्याचं काम इंजिन बाहेर काढून केलेलं बरं. ऑइल पंपाचं ड्राइव्ह आणि डिस्ट्रिब्युटरचं ड्राइव्ह दोन्ही कॅमच्या दात्यांवर आहेत, त्यामुळे संप (इंजिनाखालची तेलाची टाकी) काढून पंप खाली घ्यावाच लागतो. कॅमचा एंड फ्लोट (पुढे-मागे सरकण्याची मोकळीक) ०.००३ ते ०.००७ इंचांत हवा. नंतरच्या इंजिनांत एकेरी चेन आहे. ती काढून आधीची दुहेरी चेन आणि व्हर्निअर स्प्रॉकेट (कॅमचा कोन बारीक बदलता येणारं दातेरी चाक) बसवा. स्प्रॉकेटवरच्या खुणेच्या ठिपक्याला ठिपका जुळवून काम संपत नाही, कारण चावी, स्प्रॉकेट आणि घासकामातला थोडा थोडा फरक मिळून चार-पाच अंश सहज सरकतात.

मोजायची रीत अशी. क्रँकवर अंशांची तबकडी, प्लगच्या भोकात स्टॉपर लावून खरा टीडीसी शोधायचा. पुढून दुसरा व्हॉल्व्ह हा १ नंबरचा इनलेट. त्याच्या पुशरॉडवर डायल गेज टेकवा. पूर्ण लिफ्टच्या आधी ०.०५० इंच खाली असताना वाचन घ्या, पुन्हा पलीकडे तेवढंच खाली आल्यावर घ्या, दोन्हींच्या बेरजेचं अर्ध करा. ६८ आणि १५० आले तर लोब सेंटर १०९. क्रँक नेहमी चालत्या दिशेनेच फिरवायचा. मागे फिरवला तर चेनची ढिलाई वाचनात येते. कॅमवरचा एक अंश म्हणजे क्रँकवरचे दोन, हे व्हर्निअर हलवताना विसरू नका. कॅमबरोबर आलेल्या कार्डावरच्या आकड्याला बसवा. रस्त्याच्या गाडीसाठी दोन अंश पुढे ठेवला तर खालचा दम वाढतो.

मग व्हॉल्व्ह स्प्रिंग. पूर्ण लिफ्टला वेटोळ्यांमध्ये मिळून किमान १ मिमी मोकळं हवं. पिस्टनवर प्लॅस्टिसिन ठेवून इंजिन हाताने दोन फेरे फिरवा आणि कापून मोजा: इनलेटला २ मिमी, एक्झॉस्टला अडीच. हेड घासलेलं असेल तर हे टाळता येत नाही. व्हॉल्व्ह ब्लॉकच्या कडेला लागत नाही ना, हेही तेव्हाच बघून घ्या. टॅपेट गॅप मूळ कॅमला थंड इंजिनावर ०.०१५ इंच, नव्याला कार्डावर दिलेलाच. गॅप लावताना नऊची बेरीज: दुसरा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असेल तेव्हा सातव्याचा गॅप लावायचा.

पहिल्यांदा सुरू करताना लोब आणि टॅपेटवर मॉलिब्डेनम पेस्ट, पंपात पेट्रोलियम जेली, प्लग काढून ऑइल प्रेशर दिसेपर्यंत स्टार्टर. इग्निशन आणि फ्लोट आधीच तयार ठेवा, कारण सुरू होताच आयडलिंगवर आणायचं नाही. २० मिनिटं २००० ते २५०० आरपीएमच्या दरम्यान वरखाली ठेवा. लोबला तेल क्रँकने फेकलेल्या शिंतोड्यांतूनच मिळतं आणि आयडलिंगला ते पुरत नाही. तेल २०डब्ल्यू-५०, झिंकचं प्रमाण जास्त असलेलं. पुढच्या ५०० किमीनंतर गॅप पुन्हा तपासा. थोडा कमी झाला तर व्हॉल्व्ह बसतोय. एखाद्याच व्हॉल्व्हचा वाढत असेल तर तो लोब खातोय, गाडी तिथेच थांबवून टॅपेट चेस्टचं झाकण उघडा.