छऱ्याची बंदूक आणि नऊ वर्षांची लेक: आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या नवरात्रात कालिकेच्या यात्रेत लेकीने फुग्यांवर नेम धरला. फुगा काही फुटला नाही, दस्ता मात्र गालावर आपटला. मला वाटलं आता भोकाड पसरेल, तर म्हणते, "आई, अजून एकदा!" पॅरिस ऑलिंपिकमध्ये 2024 साली नेमबाज स्वप्निल कुसाळेने रायफलच्या 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभ्याने) कांस्य मिळवलं, त्याची सुरुवातीची तालीम नाशिकची, म्हणून आमच्या घरात नेमबाजीचा विषय तसाही निघत असायचा. दिवाळीत आम्ही स्प्रिंगची एअर रायफल घेऊन मोकळे झालो.

चूक तिथेच झाली. दुकानदार म्हणाला, "छऱ्याची आहे, झटका कसला येतोय? पोरांना चालते." .177 बोअर (नळीच्या भोकाचं माप, इंचात) आणि 20 जूलच्या आतली ताकद, म्हणजे परवान्याची भानगड नाही, एवढं आम्ही पाहिलं होतं. लहान हातांना ती झेपेल का, हे पाहिलंच नाही. नळी बिजागरीवर खाली दुमडून आतली स्प्रिंग ताणायला मलाच पोटाशी दस्ता दाबून जोर लावावा लागायचा. लेकीला ते काम आजतागायत करू दिलेलं नाही. छर्रा भरताना नळी हातातून सुटली तर बोटं चेंगरतात.

आणि झटक्याचं म्हणाल तर स्प्रिंगच्या रायफलला तो दोनदा येतो. आतला पिस्टन पुढे धावतो तेव्हा रायफल मागे येते, पिस्टन टोकाला जाऊन थांबला की ती पुढे हिसकते. खांद्याला काही विशेष लागत नाही. पण गालाखाली 'ठक्' होतं, आणि पोराच्या लक्षात राहतं ते तेच. दिंडोरीकडे मामेसासऱ्यांच्या मळ्यात शेततळ्याच्या मातीच्या बांधावर कागद लावून, डोळ्यांना चष्मे घालून आम्ही सराव करायचो. तिसऱ्या रविवारी पाहिलं, तर चाप ओढायच्या आधीच ही डोळे मिटत होती.

उपाय सांगितला तो शेजारच्या काकांनी. देवळालीला तोफखान्यात नोकरी करून निवृत्त झालेला माणूस! ते म्हणाले, "वहिनी, तिला रायफल आवळून धरायला का सांगता? तोफेची नळी मागे येते, तिला कोणी अडवतं का? येऊ द्यायची." पुढचा हात उघडा, त्या तळव्यावर रायफल नुसती टेकवलेली, खांद्याला हलकासा स्पर्श. या पकडीला इंग्रजीत आर्टिलरी होल्ड, म्हणजे तोफखान्याची पकड, म्हणतात हे मला नंतर कळलं. काकांना तर नावाची गरजच नव्हती. छऱ्यांची पांगापांग निम्म्याने कमी झाली. डोळे मिटणं मात्र तसंच राहिलं.

जानेवारीपासून तिला नेमबाजीच्या रेंजवर सरांकडे घातलं. तिथली दहा मीटरची रायफल दाबलेल्या हवेवर चालते. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला साधारण 170 मीटर वेगाने सुटतो आणि रायफल चार किलोची. हिशेब केला तर ती मागे येते सेकंदाला जेमतेम दोन सेंटिमीटरने. म्हणजे झटका नाहीच म्हणा ना. पहिल्या दिवशी लेक विचारते, "सर, सुटली का?"

तरीही डोळे मिटतच होते. सवय अंगात मुरली होती. सरांनी एक गंमत केली. या रायफलींत छर्रा आणि हवा न वापरता नुसता चाप ओढायची सोय असते. (स्प्रिंगच्या रायफलीत असं रिकामं उडवू नका, आतला पिस्टन खराब होतो.) कधी भरलेली, कधी रिकामी, असं न सांगता ते तिच्या हातात देत राहिले. रिकाम्या वेळी नळीचं टोक खाली दचकायचं, आणि ते तिचं तिलाच दिसायचं. ओरडण्याची गरजच पडली नाही. पाच-सहा आठवड्यांत दचकणं गेलं.

खरी अडचण निघाली वजनाची. चार किलो म्हणजे तिच्या वयाला घागर उचलण्यासारखं. म्हणून अजून पुढचा भार स्टँडवरच असतो. उभ्याने स्वतः पेलायची घाई करू नका. पाठ मागे वाकते आणि मग तीच ढब बसते. दस्त्याची लांबीही कमी करून घ्यावी लागली, नाहीतर मान ताणून पीप साइटपर्यंत (नेम धरायच्या मागच्या बारीक भोकापर्यंत) जावं लागायचं. नेमबाजीचं जाड कॅनव्हासचं जॅकेट मुद्दाम घेतलेलं नाही, वर्षभरात आखूड होईल.

छरे शिशाचे असतात. सराव झाला की साबणाने हात धुतल्याशिवाय खाऊचा डबा उघडायचा नाही, यावरून आमची अजून भांडणं होतात. चपट्या तोंडाचेच छरे घ्या. कागदाला स्वच्छ गोल भोक पडतं, गुण मोजताना वाद होत नाहीत. दहाचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, त्यामुळे सुरुवातीला दहा छऱ्यांत 51 गुण आले तरी वाईट वाटून घेऊ नका. आता ती स्टँडवर 84 पर्यंत जाते.

तेव्हा दहा-बारा वर्षांखालच्या पोरांसाठी स्प्रिंगची घेऊ नका. आधी रेंजवरची वापरून पाहा. विकत घ्यायला गेलात तर आकडा लाखात जातो, आम्हीही ती रेंजचीच वापरतो.

आमची दिवाळीतली रायफल मळ्यावर असते, कुलपात. परवा नवऱ्याने काढली, ऐटीत नेम धरला. लेक बाजूला उभी राहून कागदाऐवजी त्याच्याच तोंडाकडे बघत होती. 'ठक्' झालं तशी म्हणाली, "बाबा, तुम्ही डोळे मिटले."