मंडी की रविवारचा शेतकरी बाजार? इंदूरकरांसाठी एक तुलना

आठवड्याची भाजी मंडीतून आणावी की रविवारी भरणाऱ्या शेतकऱ्यांच्या बाजारातून, हा प्रश्न हल्ली इंदुरातल्या बऱ्याच मराठी घरांत निघतो. मी दोन्हीकडे पुष्कळ वर्षं पिशव्या भरल्या आहेत. घरापासूनचं अंतर आणि गाडी लावायची सोय ज्याची त्याने बघावी, त्यावर मी काही बोलत नाही.

भावात मंडीला तोड नाही. चोइथराम मंडीत निमाडची मिरची, बऱ्हाणपूरची केळी, माळव्याचा बटाटा आणि लसूण, सगळं एका फेरीत मिळतं. घरात कार्य असेल, गणपतीत प्रसादाची पंगत असेल, तर दुसरीकडे जाण्यात अर्थ नाही. कांदे, बटाटे, लसूण मी आजही मंडीतूनच घेतो. हा टिकाऊ माल आहे, महिनाभर पुरतो, आणि त्यातला एखादा खराब निघाला तरी स्वयंपाक अडत नाही.

माझी अडचण वेगळी आहे. ठोकात घ्यायचं म्हणजे धडीने घ्यायचं, पाच-पाच किलो, आणि ढिगातून निवडू देत नाहीत. हात पुढे केला की ऐकू येतं, “भिया, छाँटना हो तो ठेले से ले लो.” विकणाऱ्याचंही खरं आहे. प्रत्येकाने चांगलं चांगलं उचललं तर उरलेला माल कोण घेणार? पण ज्या घरात भेंडीचं टोक मोडून आणि दुधीला नख लावून बघितल्याशिवाय भाजी पिशवीत जात नाही, त्या घरातल्या माणसाला हे फार जाचतं.

सगळ्यात जास्त जाचतं ते भुट्ट्यांच्या दिवसांत. भुट्ट्याचा कीस, म्हणजे कणीस किसून दुधात शिजवलेला पदार्थ, चांगला व्हायचा तर कणीस दुधाळ हवं. वरचं साल थोडं खाली ओढायचं, दाण्यात नख रोवायचं. पांढरं दूध उडालं तर कणीस किसायचं. नुसतं पाणी आलं तर ते अजून कच्चं आहे, आणि नख शिरतच नसेल तर ते भाजायलासुद्धा जड जाणार. शिवाय कणीस तोडल्याच्या घडीपासून दाण्यातल्या साखरेचं पिठात रूपांतर होऊ लागतं, आणि उकाड्यात ते अधिकच भराभर होतं. म्हणजे कणीस कोवळं असूनही शिळं असू शकतं. बांधलेल्या पोत्यातून हे कळणार कसं? धडीभर कणसं घरी आणून सोलायला बसावं आणि निम्मी निबर निघावीत, हे माझ्या घरी इतक्यांदा झालं की कीस करायचं ठरलं म्हणजे मंडीचं नाव काढणंच आम्ही सोडलं. निबर दाण्याचा कीस दुधात कितीही शिजवा, जिभेला रवाळ लागतोच. जिरं-मोहरीची फोडणी आणि वरचं खोबरं-कोथिंबीर त्याला वाचवू शकत नाहीत.

शेतकरी बाजारात कणीस सोलून बघितलेलं चालतं. पुष्कळदा शेतकरी स्वतःच सोलून दाखवतो, आणि “कधी तोडलं?” म्हटलं की “आज सकाळी” किंवा “काल संध्याकाळी” असं सरळ उत्तर मिळतं. माझ्या दृष्टीने पारडं फिरलं ते इथे.

या बाजाराच्या उण्या बाजूही आहेत. भाव चढे असतात, काही भाज्यांना तर मंडीच्या दीडपट पैसे मोजल्यासारखं वाटतं. गिलकी (घोसाळी) एखादवेळी किडकी निघते. मे महिन्यात पाट्या रिकाम्या दिसतात, कारण शेतात जे नाही ते पाटीतही नाही. बारमाही टोमॅटो आणि फ्लॉवर लागणाऱ्या घराला हे अवघड जाईल.

‘सेंद्रिय’ असं लिहिलेल्या फलकाबद्दलही लोक विचारतात. पीजीएस-इंडिया या सेंद्रिय प्रमाणपत्राच्या पद्धतीत शेतकऱ्यांचे गट एकमेकांची शेतं तपासतात. रसायनं सोडण्याच्या काळात ‘ग्रीन’ आणि तो काळ पूर्ण झाल्यावर ‘ऑर्गॅनिक’ अशा त्यांच्या दोन खुणा असतात. थेट ग्राहकाला विकणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला कायद्याने प्रमाणपत्रातून सूट आहे, त्यामुळे कागद नसला म्हणून तो खोटा ठरत नाही. मी कागदाआधी खताचं विचारतो. जो खरंच करतो तो शेणखत किती, कुठून आणलं, कसं कुजवलं, हे न थांबता सांगतो. कुजवण्याचं शास्त्र तर या गावाचंच आहे: इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इथे काम करून कंपोस्टची जी रीत बसवली, ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. आपल्या गावाचं नाव असलेली ही गोष्ट आपल्याच भाजीच्या पिशवीत यावी, याचं मला मनापासून अप्रूप आहे.

खाणारी माणसं पुष्कळ असतील आणि वेळ थोडा असेल, तर मंडीच बरी, असं मी म्हणेन. चौघांचं घर असेल, पालेभाज्या, कणसं, काकडी, वांगी रोज लागत असतील, तर रविवारी सकाळी एकदा जाऊन बघा. मेथी-पालक आधी संपतात, तेव्हा उशीर करू नका. एखाद्या शेतकऱ्याशी ओळख झाली की वर्षाच्या गव्हाचंही त्याच्याकडेच बोलून ठेवा, मार्च-एप्रिलच्या काढणीआधी. पोळ्यांसाठी लोकवन जातीचा गहू सांगा आणि बाफल्यांसाठी, म्हणजे उकडून भाजलेल्या बाट्यांसाठी, कठिया हा कडक गहू वेगळा मागा. दोन्ही एकाच पोत्यात आले तर ना पोळी मऊ होते, ना बाफला खुसखुशीत.