रिमोट वाजतो, गाडी चालू होत नाही: मेडिकल चौकाकडच्या चाबीवाल्या भाऊंचा अनुभव

आम्ही नागपूरचे लोक किल्लीला चाबीच म्हणतो, त्यामुळे पुढे सगळीकडे चाबीच वाचावी लागेल.

मेडिकल चौकाच्या अलीकडे फुटपाथला लागून एक टपरी आहे. पाटीवर नाव नाही, पिवळ्या रंगात काढलेली हातभर लांब चाबी आणि खाली मोबाइल नंबर, एवढंच. त्या टपरीवाल्या भाऊंनी माझी गाडी पंधरा मिनिटांत चालू करून दिली. त्याआधी मी दोन दिवस आणि अकराशे रुपये घालवून बसले होते.

माझा वाळवणाचा घरगुती धंदा आहे. कुरडया, सांडगे, मूगवड्या, शेवया. वर्षाची अर्धी कमाई एप्रिल-मेमध्ये होते, आणि ऑर्डरी पोचवायला आमची दहा वर्षांची जुनी हॅचबॅक. नवतप्यात ऊन चढायच्या आत धरमपेठ, बजाजनगर, मनीषनगर फिरून नऊला घरात यायचं, नाहीतर डोकंच फुटतं. अशा दिवसांत गाडी बंद म्हणजे धंदा बंद.

झालं असं की चाबीचं कव्हर पार गेलं होतं. बटणाचं रबर फाटलेलं, रिंग अडकवायचं भोक तुटलेलं. मी तिला लोकरीच्या दोऱ्यानं बांधून वापरत होते. शनिवारी संध्याकाळी पोरगा स्कूटीनं बर्डीवर गेला आणि एका ठेल्यावरून दोनशे रुपयांत नवीन कव्हर टाकून आणलं. घरी आल्यावर गॅलरीतून बटण दाबलं. खाली टुक-टुक वाजलं, इंडिकेटर चमकले. पोरगा खूश, मी खूश. रविवारी गाडी हलवलीच नाही.

सोमवारी पावणेसातला मागच्या सीटवर चौदा किलो माल आणि गाडी घुर्र-घुर्र करते पण पकडत नाही. सेल्फ अगदी दणक्यात फिरतो, इंजिन मात्र उठायचं नाव घेत नाही.

कोपऱ्यावरचा मेकॅनिक आला आणि बॉनेट उघडायच्या आधीच म्हणाला, बॅटरी गेली. दुसऱ्या गाडीवरून वायरी लावल्या, तेच. तीनशे रुपये. मला गाडीतलं काही कळत नाही, पण हॉर्न खणखणीत वाजत होता, दिवे लख्ख होते, हे मी त्याला दोनदा सांगितलं. बॅटरी बसली की सेल्फ थकल्यासारखा फिरतो, नाहीतर नुसता टक-टक-टक आवाज येतो आणि मीटरचे दिवे मंदावतात, हे आता कळलं. मंगळवारी दुसरा आला. त्यानं पेट्रोलच्या टाकीला खालून बुक्के मारले, प्लग बदलले, आठशे घेतले आणि पंप गेला असं सांगून निघून गेला. मग एका वर्कशॉपला फोन केला. ते म्हणाले गाडी टो करून आणा, इमोबिलायझरचा पूर्ण सेट बदलावा लागू शकतो, सोळा हजारांच्या आसपास धरून चाला, चार-पाच दिवस लागतील. इमोबिलायझर हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. सोळा हजार म्हणजे माझ्या किती किलो कुरडया, हा हिशोब मी केला आणि सोडून दिला.

या भाऊंचा नंबर माझ्याकडून दरवर्षी मूगवड्या नेणाऱ्या एका काकूंनी दिला. फोनवर भाऊंनी तीनच प्रश्न विचारले.

"ताई, सेल्फ जोरात फिरते न?"

"हो."

"मीटरमंदी गाडी अन् चाबीचं चित्र लुकलुक करून राह्यलं काय?"

मी खाली जाऊन पाहिलं. करत होतं. दोन दिवस करत होतं. मला वाटलं दार नीट लागलं नसेल.

"चाबीचं कव्हर बदलवलं काय इतक्यात?"

मी गप्पच झाले. मग ते म्हणाले, "जुनं कव्हर फेकू नोका. मी अर्ध्या घंट्यात येतो."

अर्ध्या घंट्याचे सव्वादोन तास झाले, ही पहिली तक्रार. तोवर मी घरभर जुनं कव्हर शोधलं. पोरगा कॉलेजात, फोन उचलेना. शेवटी ते स्कूटीच्या डिक्कीत सापडलं, पंक्चरच्या पावतीत गुंडाळलेलं. त्याला त्यावरचा कंपनीचा बिल्ला काढून नवीन कव्हरवर चिकटवायचा होता म्हणून ठेवलं होतं. एरवी त्याच्या या कचरा जमवण्यावरून मी रोज ओरडते.

भाऊ आले. गालात खर्रा. कव्हर हातात घेतलं, नखानं चाचपडलं आणि पातळ ब्लेडनं आतला एक कोपरा दाखवला. चिंचोक्याच्या अर्ध्याएवढा काळा चौकोनी तुकडा, वरून अगदी प्लास्टिकचाच भाग वाटावा असा, गोंदानं चिकटलेला. ठेल्यावाल्यानं बटणांची हिरवी पट्टी आणि चाबीचं पातं नव्या कव्हरात टाकलं होतं, हा तुकडा जुन्यातच राहिला. भाऊंनी तो काढलाही नाही. नवीन चाबी लॉकमध्ये घातली, जुनं अर्धं कव्हर चाबीच्या मुठीला टेकवून धरलं आणि मला म्हणाले, "मारा सेल्फ."

पहिल्या घुर्रला गाडी चालू. मीटरमधलं चित्र क्षणभर पेटलं आणि विझलं.

मग तो काळा तुकडा, म्हणजे चिप, काढून नव्या कव्हरात बसवताना त्यांनी समजावलं. टुक-टुक करणारा रिमोट वेगळा आणि गाडी सुरू करू देणारी चिप वेगळी. रिमोटला सेल लागतो, चिपला लागत नाही. चाबी घालतो त्या लॉकभोवती तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं असतं, तेच चिपला जवळून करंट देतं आणि चिप आपला नंबर सांगते. नंबर जुळला तर गाडीचा कॉम्प्युटर इंजिन उठू देतो. नाही जुळला तर सेल्फ फिरतो पण इंजिन उठत नाही. काही गाड्या एक-दोन सेकंद चालू होऊन मरतात, काहींमध्ये सेल्फच फिरत नाही. चाबीतला सेल संपला म्हणून अशी गाडी बंद पडत नाही, आणि रिमोट वाजतो म्हणजे चाबी चांगली असंही नाही. काही चाब्यांत चिप बटणांच्या पट्टीवरच असते, काहींत काचेच्या बारीक नळीसारखी. काचेची असली आणि चाबी फरशीवर पडली तर फुटते. पोरानं रात्री मोबाइलवर वाचून सांगितलं की यालाच इमोबिलायझर म्हणतात आणि युरोपात 1998 पासून नव्या गाड्यांना हे बसवणं सक्तीचं आहे. म्हणजे तंत्र काही नवं नाही, मलाच नवीन.

एवढ्या कामाचे साडेतीनशे घेतले, येण्याजाण्यासकट. ते म्हणाले असते चिप जळाली, नवीन टाकावी लागेल, तर मी काय करणार होते? तीन हजारही निमूट दिले असते.

दुसरी चाबी आमच्याकडे नव्हतीच. घर बदलताना हरवली ती हरवली. असती तर मी ती लावून पाहिली असती आणि घोळ चाबीत आहे की गाडीत, ते दोन मिनिटांत कळलं असतं. म्हणून तिथल्या तिथे दुसरी करायला सांगितली. रिमोटसह 3,800, नुसती चिपची 2,200. मी बिनरिमोटची घेतली. एक चाबी हातात असताना दुसरी करणं स्वस्त पडतं, दोन्ही गेल्यावर आलात तर यापेक्षा बराच जास्त खर्च, हे त्यांनी आपणहून सांगितलं.

इथे एक गोष्ट मला फार आवडली. मशीनला हात लावायच्या आधी त्यांनी आरसी मागितली. नंबरप्लेटशी ताडून पाहिली, माझं आधार पाहिलं आणि शंभर पानी वहीत तारीख टाकून माझी सही घेतली. मी म्हटलं, भाऊ, गाडी माझ्याच दारात उभी आहे. "दारात तर चोरबी उभा राहते, ताई." मग स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये टॅबसारखं एक यंत्र जोडलं. आधी जुनी चाबी लावायला सांगितली, मग नवीन. स्क्रीनवर चाब्यांचा आकडा एकचा दोन झाला, तो मला दाखवला. चाबी करून देणारा जुनी-नवी दोन्ही चाब्या समोर ठेवायचा आग्रह धरतो का, हे बघून घ्या. बऱ्याच गाड्यांत नवीन नोंदवताना समोर नसलेली जुनी चाबी बाद होते. आणि दोन्ही चाब्या एकाच रिंगमध्ये अडकवू नका असं बजावलं. एक लावताना दुसरीची चिप जवळ आली की गाडी गोंधळते.

जाता जाता समोरच्या काकांनी त्यांना जिन्यात गाठलं. त्यांची बटण स्टार्टची गाडी, कधी कधी "चाबी सापडत नाही" म्हणते. भाऊंनी चाबी उघडून 2032 नंबरचा सेल दाखवला, हा बदला म्हणाले. आणि मधेच अडलात तर चाबीच स्टार्टच्या बटणाला टेकवून धरा, सेल मेला तरी गाडी उठते. कुठे टेकवायची ती जागा काही गाड्यांत वेगळी असते, पुस्तकात दिलेली असते. याचे पैसे घेतले नाहीत.

आता कुरकुर. उशीर सांगितलाच. खर्रा खाऊन आमच्या मोगऱ्याच्या कुंडीत थुंकायला निघाले होते, मी मोरी दाखवली. बिल मागितलं तर आधी हसले, मग वहीचं पान फाडून लिहून दिलं. आणि नवीन चाबीचं पातं टपरीवरच्या मशीनवर कापून आणलं, ते इग्निशनला छान फिरतं, पण ड्रायव्हरच्या दारात अडकत होतं. पुन्हा कानस मारून दिली. दार ठीक झालं, डिक्की अजून अडखळते. कुरडयांचं पाकीट द्यायला या गुरुवारी तिकडे जाणार आहे, तेव्हा पुन्हा घासून घेईन. तोवर पाचपैकी चार.