तुरुंगातल्या मनोरुग्णासाठी मोफत विधी सेवा : वापरा, पण अर्ज नेमका करा

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फक्त जामिनासाठी असतो, असा समज तुरुंगाच्या मुलाखत खिडकीबाहेर अजूनही पक्का आहे. मानसिक उपचार मिळवण्यासाठीही हाच वकील मिळतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्याचे कलम १२ कोठडीतल्या व्यक्तीला थेट पात्र ठरवते, त्यामुळे उत्पन्नाचा दाखला लागत नाही. घरच्यांनी विधी सेवेच्या १५१०० या हेल्पलाइनवर फोन करावा किंवा प्राधिकरणाच्या कार्यालयात साध्या कागदावर अर्ज द्यावा. आतून बंदीलाही अधीक्षकांमार्फत अर्ज पाठवता येतो.

सेवा इथवर चांगली आहे. पुढचे सगळे वकिलावर. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ न चाळलेला वकील जामीन अर्जातच ‘आरोपी मनोरुग्ण आहे’ अशी ओळ घालतो. जामीन फेटाळला की उपचारांची मागणीही बुडते. म्हणून उपचारांचा अर्ज न्यायालयात वेगळाच करायला लावा. त्यात मानसोपचारतज्ज्ञाकडून तपासणी, ठरावीक मुदतीत लेखी अहवाल आणि चालू औषधे खंड न पडता देणे, एवढे स्पष्ट मागा. जुने केसपेपर आणि डिस्चार्ज कार्ड जोडा. ‘डोक्यावर परिणाम झालाय’ एवढ्याने भागत नाही. झोप कधीपासून नाही, जेवण कधी सोडले, गोळ्या कोणत्या तारखेला थांबल्या, हे लिहा.

दुसरे दार मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाचे, म्हणजे २०१७ च्या याच कायद्याखाली मनोरुग्णांच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळाचे. या कायद्याच्या कलम ७७ खालच्या अर्जाला शुल्क नाही. अपवादात्मक स्थितीत, मानसिक आरोग्य आस्थापनेत (मनोरुग्णांवर उपचार करणाऱ्या संस्थेत) दाखल असलेल्या रुग्णाचा तोंडी किंवा फोनवरचा अर्जही मंडळ घेऊ शकते. मात्र अशा अर्जाच्या निकालाला ९० दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो. जिवाला धोका असेल तर थांबू नका, आधी खटल्याच्या न्यायालयात जा. कलम १०३ फार कमी वकील वापरतात, याची खंत वाटते. या कलमानुसार तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तिमाहीला मंडळाला कळवायचे असते की आत मनोरुग्ण बंदी नाही. असा बंदी आढळला, तर त्याला उपचारांच्या ठिकाणी का हलवले नाही, हे मंडळ विचारू शकते. तुरुंगात मानसोपचार कक्ष नसेल, तर मंडळाच्या पूर्वपरवानगीने त्याला बाहेरच्या मानसिक आरोग्य आस्थापनेत हलवता येते.

आदेश मिळूनही रुग्ण ओपीडीत पोहोचत नाही, कारण त्या दिवशी पोलीस गार्ड नसतो. आदेशातच तारीख, गार्ड पुरवण्याचा निर्देश आणि आदेश पाळल्याचा पूर्तता अहवाल मागून घ्या. दुसऱ्या तुरुंगात बदली झाली की फाइल मागे राहते आणि गोळ्या तुटतात. त्यासाठी बंदीकडून साध्या कागदावर सही किंवा अंगठा घेऊन नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे २०१७ च्या कायद्यानुसार रुग्णाच्या वतीने बोलणारी व्यक्ती, नेमा. मग वैद्यकीय कागद मिळवायला सोपे जाते.

आणखी एक सावधगिरी. आरोपी स्वतःचा बचाव करण्यास असमर्थ आहे, असा अर्ज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६७ किंवा ३६८ खाली केला तर खटलाच लांबू शकतो. फक्त उपचार हवे असतील तर तो करू नका. वकील ऐकत नसेल, तर बदलून मागण्याचा लेखी अर्ज प्राधिकरणाच्या सचिवांना द्या आणि पोच घ्या.