मुठीत काय मावतं आणि शर्टाखाली काय लपतं: रोज जवळ बाळगायची .३२ ची छोटी हत्यारं

गेल्या महिन्यात सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्याचं हत्याराचं लायसन्स आलं, माझा जुना ओळखीचा माणूस, संध्याकाळी घरी आला आणि पहिलाच प्रश्न, भाऊ सगळ्यात बारीक कोणतं येतं ते सांग, शर्टाखाली दिसायला नको. हा प्रश्न मला आतापर्यंत चार-पाच जणांनी विचारलाय आणि दरवेळी मी आधी समोरच्याचा हातच बघतो. कारण बारीक हत्यार घेऊन ते मुठीत नीट बसलं नाही तर रोज कंबरेला वजन वागवायचं आणि गरज पडली तर धड धरताही येणार नाही, मग घेतलं कशाला.

माझ्याकडे वडिलांचं जुनं .३२ (हा गोळीच्या जाडीचा आकडा) रिव्हॉल्वर आहे, ते रीतसर माझ्या लायसन्सवर चढवलंय, आणि त्यानंतर मी अशनी हे .३२ चं पिस्तूल घेतलं. दोन झाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोनच ठेवता येतात (आधी तीन चालायची). वहिनी पेट्रोलपंप सांभाळते, तिचं स्वतःचं लायसन्स आहे आणि तिच्याकडे निर्भीक रिव्हॉल्वर आहे. प्रबळ नावाचं रिव्हॉल्वर मी डीलरकडे दोनदा हातात घेऊन बघितलंय, दुसऱ्यांदा तर अर्धा तास. म्हणजे खाली जे लिहितोय ते हाताळून लिहितोय.

आधी एक गोष्ट मिटवून टाकू. पोरं मोबाईलवर अमेरिकेतले व्हिडिओ बघतात आणि म्हणतात सिग पी३६५ घ्या, ग्लॉक ४३ घ्या. ती नऊ एमएमची आहेत आणि नऊ एमएम आपल्याकडे सामान्य माणसाला बंद आहे, प्रोहिबिटेड बोअर, त्यामुळे तो विषय तिथेच संपला. पण तिकडच्या लोकांचा अनुभव आपल्या कामाचा आहे. ग्लॉक ४३ आलं २०१५ साली, सहा गोळ्यांचं मॅगझिन, आखूड मूठ, लपायला एकदम झकास. आणि २०१९ मध्ये त्याच कंपनीने ४३एक्स काढलं, वरची स्लाईड (मागेपुढे सरकणारा वरचा भाग) तेवढीच ठेवली आणि मूठ लांब केली, लोकांनी ते भरभरून घेतलं. पी३६५ चं पण तसंच, २०१८ मध्ये आलं आणि वर्षभरात लांब मुठीचं एक्सएल आलं. का, तर आखूड मुठीला खालची करंगळी लटकते, पकड दोन बोटांवर येते आणि गोळी सुटल्यावर हत्यार हातात फिरतं, प्रत्येक गोळीनंतर पकड परत बसवावी लागते. कित्येकांनी तर मॅगझिनच्या तळाला बोट टेकवायची पट्टी लावून घेतली, म्हणजे छोटं हत्यार घेतलं आणि पट्टी लावून परत मोठं केलं.

आता लपण्याचं बघा. नवीन माणसाला वाटतं नळी आखूड असली की लपतं. नळी तर पँटच्या आत जाते हो, ती कोणाला दिसणार. शर्टवर उमटते ती मूठ, तिचा मागचा कोपरा. कंबरेच्या उजव्या बाजूला थोडं मागे होल्स्टर (हत्याराची म्यान) लावा आणि चप्पल उचलायला वाका, शर्ट पाठीला ताणला जातो आणि मुठीचं टोक तंबूच्या खांबासारखं वर येतं. नळी दोन-तीन सेंटीमीटरने लांब असली तर काही फरक पडत नाही पण मूठ एक सेंटीमीटरने वाढली तर लगेच कळतं. हेच आपल्या सगळ्या निवडीचं मूळ आहे, जी गोष्ट हाताला हवी तीच शर्टाला नको.

मला हे कळलं ते अमळनेरला मावशीकडे. हळदीचा कार्यक्रम, मे महिना, मी पातळ टेरिकॉटचा शर्ट घालून गेलो होतो, पिस्तूल कंबरेला. मावशीच्या पाया पडायला वाकलो, तिने उठवताना पाठीवर हात ठेवला आणि तो सरकत बरोबर मुठीवर आला. "हाई काय शे रे भाऊ कंबरले?" असं ती मोठ्याने म्हणाली आणि मांडवातली दहा माणसं वळून बघायला लागली, शेजारी पोरं खेळत होती. त्या क्षणी जी लाज वाटली ना, ती अजून आठवते. घरच्या कार्यात ते घेऊन जायला नकोच होतं, हे आता पक्कं ठरवलंय. पण पिस्तुलाच्या मुठीचा चौकोनी कोपरा किती ठळक असतो हे त्या दिवशी पाठीवर समजलं.

मग पिस्तूल की रिव्हॉल्वर. अशनी चपटं आहे, आणि जाडी कमी म्हणजे पट्ट्याखाली नीट बसतं, पोट सुटलेल्या माणसाला तर हा फरक फारच जाणवतो. रिव्हॉल्वरचं गोळ्या भरायचं चक्र गोल, ते बरोबर पट्ट्यावर येतं आणि तिथे फुगवटा दिसतो, बुलेट मोटरसायकलवर तासभर बसलं की बरगडीखाली टोचायला लागतं. पण मूठ बघा, रिव्हॉल्वरची मूठ खाली गोलावत जाते, तिचा कोपरा तसा उमटत नाही, शर्टावरून बघितलं तर मोबाईल असेल पैशांचं पाकीट असेल असंच वाटतं. म्हणजे पट्ट्याच्या जागी पिस्तूल लपतं आणि मुठीच्या जागी रिव्हॉल्वर लपतं. माणूस लोकांत वाकत-उठत असेल, वखारीत घड मोजायला खाली बसत असेल, तर त्याला रिव्हॉल्वरची मूठ बरी. गाडीत नाहीतर गादीवर बसून धंदा असेल, सराफासारखा, तर पिस्तूल.

पकडीत मात्र माझ्या हाताला अशनी सरस आहे. तिन्ही बोटं बसतात, करंगळी काठावर टेकते पण टेकते, आणि मूठ सपाट असल्यामुळे दरवेळी हात एकाच जागी येतो. गोळ्यापण रिव्हॉल्वरच्या सहापेक्षा एक-दोन जास्त. एक अडचण आहे, स्लाईड मागे ओढायला ताकद लागते, .३२ चं असलं छोटं पिस्तूल साध्या ब्लोबॅकवर चालतं म्हणजे सगळा भार स्प्रिंगवर असतो, म्हणून स्प्रिंग कडक. माझ्या वडिलांची बोटं शेवटी शेवटी संधिवाताने वाकली होती, त्यांना ही स्लाईड ओढवली नसती. वहिनीने पण डीलरकडे ओढून बघितली, दोनदा जमली आणि तिसऱ्यांदा घामाने हात सटकला, तिथेच तिने पिस्तूल बाद केलं.

आता रिव्हॉल्वरमध्ये आपसात. निर्भीक, २०१४ साली कानपूरच्या फॅक्टरीतून आलं, दिल्लीच्या निर्भयाच्या आठवणीत नाव ठेवलेलं, टायटॅनियम अलॉयचं, वजन ५०० ग्रॅम. प्रबळ २०२३ चं, तेही कानपूरचंच, वजन ७०० ग्रॅमच्या आसपास. नळी दोघांची तीन इंचांच्या घरात, त्यामुळे लांबीवरून निवड करायचा प्रश्नच येत नाही. फरक आहे वजनाचा आणि उघडण्याच्या पद्धतीचा. निर्भीक आणि माझं जुनं रिव्हॉल्वर मधून मोडून उघडतं, नळी खाली झुकते. प्रबळचं चक्र बाजूला बाहेर येतं, भरायला आणि मोकळं करायला मला ते जास्त सोपं वाटलं. त्याचा मारा पन्नास मीटरचा सांगतात, पण कंबरेला बाळगणाऱ्याला पन्नास मीटरचं काय काम, मी तरी त्यासाठी पैसे जास्त मोजणार नाही.

दोनशे ग्रॅम म्हणजे काय ते ऐकायला किरकोळ वाटतं. सकाळी आठपासून रात्री नऊपर्यंत कंबरेला बांधून बघा मग कळेल. ७०० ग्रॅमचं हत्यार संध्याकाळपर्यंत पँट एका बाजूला ओढतं, माणूस नकळत दर पंधरा मिनिटांनी कंबर वर करतो, आणि बघणाऱ्याला संशय येतो तो त्या हाताच्या हालचालीवरून, फुगवटा तर नंतर दिसतो. ५०० ग्रॅमला हे होत नाही. पण हलकं हत्यार झटका जास्त देतं, हा हिशोब कोणालाच चुकवता येत नाही. .३२ चा झटका मुळात फार नसतो हे खरं, तरी लहान हाताला हलक्या रिव्हॉल्वरची मूठ तळव्यात सरकलेली जाणवते. वहिनीने नेमबाजीच्या रेंजवर पहिल्या सहा गोळ्या मारल्या तेव्हा चौथ्या गोळीला तिची करंगळी मुठीखाली घसरली होती, मी शेजारी उभा राहून बघत होतो. मग तिने पकड वर नेली, अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी अगदी वर हॅमरच्या (मागच्या घोड्याच्या) खाली भिडवली आणि मग जमलं.

तिचा दुसरा मुद्दा होता ट्रिगरपर्यंत बोट पोचण्याचा, आणि हा मुद्दा पुरुष विचारातच घेत नाहीत. बेचकी मागे घट्ट बसवून तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर आरामात यायला पाहिजे. नुसतं टोक पोचत असेल तर ओढताना नळी बाजूला जाते, कारण रिव्हॉल्वरचा ट्रिगर नुसता दाबून चक्र फिरवायला जोर लागतो. मूठ जाड असली की बोट पोचत नाही, आणि रबरी ग्रिप (मुठीवरचं आवरण) लावली की मूठ आणखी जाड होते. वहिनीने म्हणूनच मूळची ग्रिप ठेवली.

.२२ चं निडर रिव्हॉल्वर पण आहे, २५० ग्रॅमचं, आठ गोळ्यांचं, खिशात कुठे गेलं कळणार नाही असं. लपण्यात त्याच्यासारखं काहीच नाही. पण मूठ इतकी लहान की माझी दोनच बोटं बसली, तिसरं हवेत. हात फार छोटा असेल आणि .३२ चा झटका सोसतच नसेल तरच बघा, नाहीतर माझं मत नाही.

ग्रिपच्या मटेरियलवर थोडं जास्त लिहितो कारण आपल्या उन्हात तेच सगळ्यात जास्त सतावतं. भुसावळ जळगावकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, दुपारी बारा वाजता तळहाताला जो घाम असतो त्यात गुळगुळीत लाकडी मूठ साबणासारखी सरकते. रबर घट्ट धरतं. पण हेच रबर शर्टालाही धरतं, उठता-बसता शर्ट त्याच्यावर अडकून राहतो आणि खाली पडत नाही, मग मूठ उघडी किंवा कापड गोळा झालेलं. लाकडावरून कापड सरळ घसरतं. मी मधला रस्ता काढलाय, लाकडीच पण बारीक जाळीदार खाचा पाडलेली ग्रिप, हाताला रुतते आणि कापड अडकत नाही. आणि घामाने स्टीलवर गंज येतो हे लक्षात ठेवा, माझ्या वडिलांच्या रिव्हॉल्वरवर अंगाला लागणाऱ्या बाजूला तांबूस ठिपके एका उन्हाळ्यात आले, दुसरी बाजू स्वच्छ. रोज रात्री मोकळं करून तेलाचं फडकं फिरवायचंच. निर्भीकला ही कटकट फारच कमी, हा त्याचा मोठा गुण आहे जो कोणी सांगत नाही.

कपड्यांचं म्हणाल तर आपल्याकडे बंडी ही सोन्यासारखी वस्तू आहे. नेहरू शर्टावर जाड खादीची बंडी घातली की ७०० ग्रॅमचं प्रबळसुद्धा कंबरेला दिसत नाही. बंडीच्या आतल्या खिशात मात्र ठेवू नका, एका बाजूला लोंबतं, वाकलं की बाहेर येतं आणि ट्रिगर उघडा राहतो. होल्स्टर पाहिजेच, ट्रिगर पूर्ण झाकणारं. २०१६ च्या शस्त्र नियमांतही तेच आहे, सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल-रिव्हॉल्वर होल्स्टरमध्ये किंवा बॅगेत पाहिजे, नुसतं कंबरेला खोचून फिरणं चालत नाही. आणि दाखवणं तर नाहीच, लग्नात हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. घरी आल्यावर कुलपात, गोळ्या वेगळ्या, पोरांच्या घरात तर डोळ्यात तेल घालून.

केळीवाल्यांसाठी एक खास गोष्ट, आपण केळीच्या भावासाठी बऱ्हाणपूरला जातो, रावेरपासून ते जवळ वाटतं पण तो मध्य प्रदेश आहे. लायसन्सवर एरिया फक्त महाराष्ट्र लिहिलेला असेल तर हद्द ओलांडायच्या आधी हत्यार घरी ठेवून जायचं. नंदुरबारकडच्यांना गुजरातचं तसंच.

सावद्याच्या त्या मित्राचं काय ठरलं ते सांगतो. त्याचा हात माझ्यापेक्षा मोठा, बोटं जाड, रोज नेहरू शर्ट आणि बंडी, दिवसभर वखारीत वाकणं. मनात निडर घेऊन आला होता. डीलरकडे मोकळं हत्यार, तोंड भिंतीकडे ठेवून, त्याला प्रत्येक मूठ धरायला लावली आणि डोळे मिटून तीनदा पकड सोडून परत धरायला सांगितली. निडरला दरवेळी बोटं वेगळ्या जागी आली, निर्भीकला करंगळी दोनदा घसरली, प्रबळ तिन्ही वेळा तसंच्या तसं बसलं. त्याने प्रबळ बुक केलं. वजनाची धास्ती होती त्याला, म्हणून मी त्याला फैजपूरच्या माझ्या शिंप्याकडे पाठवलं, पँटचे लुप्स रुंद करून घ्यायला म्हणजे दीड इंची दुहेरी चामड्याचा पट्टा जाईल, आणि होल्स्टर येईल त्या जागी आजूबाजूला दोन लुप्स जास्तीचे. पातळ पट्ट्यावर ५०० ग्रॅमपण लोंबतं, तसल्या जाड पट्ट्यावर ७०० ग्रॅम दिवसभर जागचं हलत नाही.