"एकाच भाजणीत जिवंत चेहरा" म्हणे! ७,५०० रुपये गेले माझे

लिहायला लाज वाटतेय कारण मी सहा वर्षं तांब्यावर मीना करतेय, म्हणजे काचेची रंगीत पूड लावून भट्टीत भाजायची, पेंडंट, झुमके वगैरे, म्हणजे मला तरी कळायला हवं होतं. पण आजीचा चेहरा करायचं डोक्यात बसलं होतं ना, तिथेच घसरले.

नाशकातच, गंगापूर रोडला, एका बाईंचं दोन दिवसांचं वर्कशॉप होतं. टेबलावर पाच-सहा चेहऱ्यांच्या प्लेटा मांडलेल्या, गालाची लाली, कपाळावरच्या सुरकुत्या, बघतच राहिले मी. बाई म्हणाल्या गोरा, गव्हाळ, सावळा अशा १२ शेड तयार आहेत, त्यात सोन्यापासूनचा गुलाबीसुद्धा, चार्ट बघून चमच्याने मोजायचं, मिसळायचं, एकदा भाजलं की चेहरा तयार. सेट ७,५०० ला, पैसे त्यांच्या पर्सनल नंबरवर, बिल "नंतर व्हॉट्सअ‍ॅप करते". ते अजून येतंय.

खरं तर मिसळायचं म्हणाल्या तिथेच उठून यायचं होतं. मीना म्हणजे काचेची पूड हो. आपण नेहमी वापरतो ती रवाळ पांढरी आणि तपकिरी पूड एकत्र करून भाजली तर मधला रंग येत नाही, तिळाच्या चिक्कीसारखे ठिपके दिसतात, कण आपापल्या जागी वितळतात. चेहऱ्याचा खटाटोप वेगळाच असतो. प्लेटच्या मागूनही मीना द्यायचा, नाहीतर थंड होताना तडकते, मग पुढून पांढरा थर भाजून घ्यायचा, आणि त्यावर मैद्यासारखे बारीक वाटलेले पेंटिंगचे रंग लवंगेच्या नाहीतर लॅव्हेंडरच्या तेलात खलून ब्रशने पातळ पातळ लावायचे. हे बारीक रंग मात्र मिसळतात. तेल पूर्ण उडाल्याशिवाय भट्टीत घालायचं नाही, जास्त ताप सोसणारे रंग आधी, नाजूक नंतर, लोखंडाचा लाल जास्त भाजला की उतरतो. आपल्या सावळ्या रंगाला सावलीत किंचित हिरवट झाक द्यावी लागते, नाहीतर आजी विटेची दिसायची. पाच-सहा भाजण्या कुठेच गेल्या नाहीत. आणि सोन्याचा गुलाबी त्या भावात? मला माहीत होतं हे सगळं, तरी पैसे पाठवले.

घरी ८०० डिग्रीला तीन मिनिटं ठेवलं, बाहेर काढलं तर चमक नाही काही नाही, खडूसारखं, बोट फिरवलं की पुसलं गेलं. फोन केला तर म्हणे तुमचं तांबंच भेसळीचं! पत्रा भांडी बाजारातल्या तांबटकाकांकडचा, त्यांना सांगितलं तर त्या बाईंचा पत्ता मागायला लागले, मीच विषय बदलला. त्याच पत्र्यावर माझा जुना निळा लावून भाजला, काचेसारखा चकाचक आला.

वर्कशॉपमध्ये एक छोटी चेहऱ्याची प्लेट भेट मिळाली होती, ती सराफ बाजारात ओळखीच्या एकांना दाखवली. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि हसले, ताई हे छापलंय. खरंच, गालावर एकसारखे रंगीत ठिपके, पेपरातल्या फोटोत असतात तसे. ब्रशचा एक फटकारा नव्हता त्यात.

तर कुणी असा सेट विकत असेल तर चिमूटभर पूड पाण्यात टाकून बघा, रवाळ मीना जड असतो, पटकन तळाशी बसतो आणि वरचं पाणी बऱ्यापैकी निवळतं, माझ्या डब्यांचं पाणी दुसऱ्या दिवशीही चहासारखं होतं. आणि तुमच्या डब्यातली पूड, तुमच्या तुकड्यावर, तुमच्यासमोर भाजायला सांगा, त्यांच्या बरणीतली नाही. मला जे भाजून दाखवलं ते बाईंच्या बरणीतलं होतं.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केलीय, तक्रारीचा नंबर मिळालाय, पुढे बघू. १२ डबे कपाटावर आहेत, पोरगी दिवाळीच्या रांगोळीला गव्हाळ मागत होती पण दिला नाही, त्यात काय कालवलंय कुणाला ठाऊक.