लिहून देणार, लिहून घेणार: फॅमिलीसर्चवरच्या काउंटी दप्तरात सहा महिने

कराडच्या तहसील कचेरीत मी ३१ वर्षं काढली, शेवटची नऊ अव्वल कारकून म्हणून. निवृत्त होताना ठरवलं होतं की आता दप्तराचं तोंड बघायचं नाही. मुलाकडे अमेरिकेला सहा महिन्यांसाठी गेलो आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा दप्तरात डोकं घालून बसलो. दप्तर तेवढं परक्या मुलखाचं.

मुलगा नॉर्थ कॅरोलायनात, कॅरी गावात राहतो. सून तिथलीच. तिच्या वडिलांचं घर तासाभराच्या अंतरावर, अलामान्स काउंटीत. काउंटी म्हणजे तिथला जिल्हा म्हणा. व्याही सत्तरीचे आहेत आणि आपले पूर्वज शोधण्याचा त्यांना भारी नाद. आधी त्यांनी वंशावळ काढून देणाऱ्या एका माणसाला २४० डॉलर मोजले होते. त्याचं नाव घेत नाही. त्यानं सुबक चौकटीत वंशवृक्ष करून दिला, पण त्यात एक आई मुलापेक्षा चार वर्षांनी लहान. मी म्हटलं, "पाव्हणं, असला वारस-तपास आमच्या तलाठ्यानं केला असता तर खातेनिहाय चौकशी लागली असती." सुनेनं भाषांतर केलं. ते हसले आणि लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

लॅपटॉपवर फॅमिलीसर्च हे संकेतस्थळ उघडं होतं. हा लेख त्याबद्दल, आणि त्यातही २०२४ च्या सुरुवातीला आलेल्या 'फुल टेक्स्ट' शोधाबद्दल. संकेतस्थळ मॉर्मन चर्च चालवतं आणि ते फुकट आहे, फक्त खातं उघडावं लागतं. १९३८ पासून या मंडळींनी जगभरच्या कचेऱ्यांतली दप्तरं फिल्मवर उतरवली आणि २०२१ पर्यंत त्यातली २४ लाखांवर रिळं संगणकावर चढवली. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्याही त्यात आहेत. हा खटाटोप कशासाठी, तर मेलेल्या पूर्वजांच्या नावानं धर्मविधी करायचे असतात म्हणून. आपण बेचाळीस कुळांचा उद्धार भांडणात करतो, ही माणसं मनापासून करतात.

शिरगणतीचे कागद सोडून कोर्टाचे आणि जमिनीचे कागद कशाला चाळायचे, हे मला आधी कळेना. मग समजलं की तिकडच्या शिरगणतीत १८५० च्या आधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आहे. बाकीच्यांचे नुसते आकडे: इतके पुरुष, इतक्या बायका. म्हणजे त्याआधीच्या माणसाची बायको कोण, मुलं किती, हे कळायचं तर जमीन नाहीतर भांडण, याच दोन वाटा. इथं मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

तिथल्या जुन्या काउंटी कोर्टाचं नाव लांबलचक, 'कोर्ट ऑफ प्लीज अँड क्वार्टर सेशन्स'. दर तीन महिन्यांनी बसायचं आणि १८६८ पर्यंत चाललं. नाव कोर्ट, पण काम आपल्या जुन्या मामलेदार कचेरीसारखं, सगळ्यात हात. मृत्युपत्र शाबीत करणं, पोरक्या पोरांना पालक नेमणं, खाणावळीला परवाना देणं, अमुक रस्त्याच्या डागडुजीला कोणकोण येणार ते ठरवणं, मालकीची खूण म्हणून कुणाच्या डुकराच्या कानाला कशी खाच ते लिहून ठेवणं. रस्त्याच्या यादीला तर मी सोनं म्हणेन. त्या रस्त्यालगत राहणाऱ्यांची नावं एका ओळीत मिळतात, म्हणजे शेजार आयता हाती येतो.

आता यंत्राचं काम. आजवर जमिनीच्या खतांच्या वह्यांना सूची असायची ती दोनच नावांची: लिहून देणार आणि लिहून घेणार. साक्षीदार, चतुःसीमेतले शेजारी, मोजणीच्या वेळी साखळी धरणारे, मुली-जावई हे सगळे पोटात गडप. ते शोधायचे तर पान न् पान वाचायचं. हा नवा शोध हस्ताक्षर वाचून पानातला मजकूरच धुंडाळतो. नाव टाका, काउंटी आणि साल निवडा, की कुणाच्या तरी तिसऱ्याच खरेदीखतात चौथ्या ओळीत साक्षीदार म्हणून दडलेला तुमचा माणूस पिवळ्या पट्टीत समोर येतो. अवतरणचिन्हात घातलं तर तेवढाच शब्दसमूह शोधतो, शब्दाच्या आधी अधिकचं चिन्ह लावलं तर तो शब्द असायलाच हवा, आणि अक्षराची शंका असेल तिथं तारा नाहीतर प्रश्नचिन्ह टाकायचं. एवढं शिकायला मला दोन संध्याकाळी लागल्या. २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी आमचा महसूल विभाग मोडीच्या रुमालांत बसला होता, तेव्हा असलं काही मोडीला असतं तर किती डोळे वाचले असते.

पण यंत्र हा शिपाई समजा. फाईल आणून टेबलावर ठेवील, वाचायची तुम्हीच. जुन्या अक्षरात दोन 'एस' सलग आले की पहिला लांब काढायचे, तो 'एफ'सारखा दिसतो. म्हणून 'जेसी' शोधताना 'जेफसी' असंही टाकून बघावं. वहीतली प्रत म्हणजे कारकुनानं केलेली नक्कल, तेव्हा खालची सही पाहून हुरळून जाऊ नये, ती कारकुनाच्या हातची. व्याही पणजोबांच्या पणजोबांची सही म्हणून प्रिंट काढून भिंतीवर लावणार होते, मी थांबवलं. आणि यंत्र ज्या दप्तराचं वाचन झालंय तेवढंच शोधतं. काही पानं घरून उघडतच नाहीत, त्यासाठी त्यांच्या केंद्रात किंवा संलग्न वाचनालयात जाऊन बसावं लागतं.

माझ्या चुका दोन, दोन्ही कारकुनाला न शोभणाऱ्या. पहिली, मी १७९० च्या दशकातला माणूस अलामान्स काउंटीत शोधत बसलो. शून्य. अलामान्स झालीच १८४९ मध्ये, ऑरेंज काउंटीतून फुटून. माणसं जाग्यावर होती, काउंटी सरकली. दक्षिण सातारा वेगळा होऊन त्याची सांगली झालेली ज्याच्या लहानपणी अजून ताजी होती, त्यानं ही चूक करावी! जुनं दप्तर मूळ काउंटीत राहतं, म्हणून ऑरेंजच्या वह्यांत गेलो, तर तिथं सगळे.

दुसरी चूक महागात पडली. १८०३ च्या रोजनाम्यात व्याह्यांच्या घराण्यातला एक मुलगा सापडला: चौदा वर्षांचा, 'ऑर्फन', त्यानं आपला पालक स्वतः निवडला आणि कोर्टानं तो मान्य केला. ऑर्फन म्हणजे अनाथ, म्हणजे आईबाप दोन्ही गेले, असं धरून मी त्याच्या आईचा मृत्यू तीन आठवडे शोधला. बाई जिवंत होती, शेजारच्याशी दुसरं लग्न करून. त्या काळी तिथं बाप गेला की पोर ऑर्फन, आई असो वा नसो. आपल्या सातबाऱ्यावर अ.पा.क. लिहितात, अज्ञान पालन कर्ता, आणि तिथं आईचं नाव असतं. त्यांच्याकडे आई असूनही पालक दुसरा, कारण प्रश्न पोराच्या पोटाचा नव्हता, बापाच्या जमिनीचा होता. चौदा पूर्ण झाली की पालक निवडायचा हक्क, म्हणून पोराचं जन्मसाल मात्र आयतं मिळालं.

आता ज्या कागदासाठी मी या शोधाला पाचांपैकी चार तारे द्यायला तयार आहे तो सांगतो.

व्याह्यांच्या वंशावळीत १७९० च्या सुमाराची एक बाई होती, नाव मेरी. माहेर माहीत नाही. त्या मुलखात निम्म्या बायका मेरी. पूर्वी तिच्या नवऱ्याचं खरेदीखत सूचीतून सापडलं होतं, पण त्यात नवरा एकटाच, बायकोचा उल्लेख नाही. मी नवऱ्याचं नाव आणि 'मेरी' ही दोन्ही अधिकचं चिन्ह लावून टाकली. कुणा तिसऱ्याच माणसाच्या नावावर सूचीत बसलेलं १७९७ चं एक खत आलं. लिहून देणारे आठ: दोन भाऊ आणि तीन जोडपी. तिसरं जोडपं आमचं. नदीकाठची ११० एकर, एकाच मयताच्या नावची. खाली टीप अशी की तिन्ही बायकांना नवऱ्यांपासून बाजूला घेऊन विचारलं, आणि दबाव नसून राजीखुशीनं देत असल्याचं त्यांनी सांगितलं.

मी खुर्चीतून उठलोच. नवऱ्याची जमीन त्यानं याआधी एकट्यानं विकली होती, बायकोला कुणी विचारलं नव्हतं. मग इथंच का विचारलं? कारण ही जमीन बायकोची, बापाकडून आलेली. बायकोच्या वारसाहक्काची जमीन विकताना तिची अशी एकांतात तपासणी घ्यायचा तिथला कायदा. म्हणजे तो मयत तो मेरीचा बाप, आणि पहिले दोन भाऊ तिचे भाऊ. आमच्याकडे हक्कसोडपत्रावर बहिणींच्या सह्या घेताना त्यांना बाजूला घेऊन कुणी कधी विचारलं असतं, तर निम्मी हक्कसोडपत्रं झालीच नसती. हे मी सुनेला सांगितलं, तिनं ते वडिलांना सांगितलं की नाही, ठाऊक नाही.

एका कागदात माहेर, दोन भाऊ, दोन बहिणी, दोन साडू. सूचीत हे खत मेरीच्या थोरल्या भावाच्या नावावर होतं, तो नेमका आम्हाला माहीत नव्हता. दोनशे वर्षं असं पडून.

याच शोधात दुसरं एक पान आलं, तेही सांगायला हवं. त्याच मयताचं बक्षीसपत्र, मुलीला 'प्रेम व जिव्हाळ्यापोटी' दिलेलं: एक गाय, एक पिसांची गादी अंथरुणासह, आणि एक मुलगी, वय सुमारे नऊ. गुलाम. तिचं नाव गाय आणि गादीच्या मध्ये. व्याह्यांनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. १८५० आणि १८६० च्या शिरगणतीत गुलामांच्या याद्या आहेत, पण त्यांत नावं सहसा नाहीत; मालकाचं नाव आणि वय-लिंग. नावानिशी शिरगणतीत आले ते बहुतेक १८७० लाच. त्याआधी ती नावं आहेत ती अशा खतांच्या, मृत्युपत्रांच्या, मयताच्या चीजवस्तूंच्या याद्यांच्या पोटात, आणि सूचीत ती कधीच नव्हती. कारण ती ना लिहून देणार, ना लिहून घेणार. मजकूर शोधणाऱ्या यंत्राचा खरा उपयोग कुणाला असेल तर ज्यांचे पूर्वज असे मध्ये कुठंतरी लिहिलेत त्यांना. सुनेनं एक वेगळी वही केली. अशी जी नावं येतात ती पान क्रमांकासह त्यात उतरवते. मी निघालो तेव्हा सतरा झाली होती.

पाच तारे का नाही? यंत्र सापडलेलं दाखवतं, न सापडलेल्याचं कारण सांगत नाही. वही वाचलीच गेली नाही, की नाव चुकीचं वाचलं, की माणूस तिथं नव्हताच, तिन्हींचं उत्तर एकच: निकाल नाहीत. नवशिक्याला वाटेल पूर्वजच नव्हता. म्हणून जुन्या सूचीची सवय सोडू नये, आणि महत्त्वाचं पान सापडलं की पुढची-मागची चार पानं उलटून बघावीत. आमच्याकडे खरेदीखतामागे गहाणखत निघतं, तसं तिथंही निघतं. रॅलेच्या राज्य अभिलेखागारात मूळ कागद बघायला मिळतात, तिथं शिसपेन्सिल न्यायची, पेन नाही. एक दिवस जाऊन आलो. जुन्या कागदाला वास तिकडेही तोच येतो.

मोजमापाची भीती बाळगू नका. खतात सगळं 'पोल'मध्ये. एक पोल म्हणजे साडेसोळा फूट. दोन पोल केले की ३३ फूट, म्हणजे आपली साखळी! तेहेतीस गुणिले तेहेतीस आपला गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. साहेबानं मापं इकडे आणि तिकडे एकाच दोरीनं दिली. मी व्याह्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आलेखाच्या कागदावर ते ११० एकर काढले, उत्तरेला इतके पोल, पूर्वेला इतके. रेघ येऊन सुरुवातीच्या टोकाला जवळजवळ भिडली. चार-पाच पोलांचा फरक, तो साखळी धरणाऱ्यांचा. ही साखळी धरणारे बहुधा घरचेच पोरगे असत, त्यांचीही नावं टिपून ठेवा.

निघायच्या आदल्या रविवारी आम्ही स्थळ पाहणीला गेलो. हॉ नदीचं वळण कागदावरच्या वळणाशी जुळलं. खत सुरू होतं ते 'नदीकाठच्या पांढऱ्या ओकपासून', मग हिकरीचं झाड, मग पुन्हा ओक. ओक नव्हता, हिकरी नव्हतं, काठाला एक मोडकी होडी आणि कुणाचं तरी कुंपण. व्याही इकडेतिकडे बघत राहिले, जणू झाड कुणी बाजूला ठेवलंय. मी म्हटलं, पाव्हणं, हद्दीला दगड रोवायचा असतो. झाडावर कसली हद्द धरता? त्यांनी विचारलं, तुमच्याकडे दगड राहतात का जाग्यावर?

मी गाडीकडे चालू लागलो.